बरणी, बोर आणि अख्खं कौल

मागच्या मे महिन्यात आईने लोणचं भरून दिलेली चिनी मातीची बरणी या मे महिन्यात तिला परत हवी होती, आणि फोनवर तिने ते तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा वरच्या पट्टीत, कारण कैऱ्या घरात येऊन पडल्या होत्या. बरणी माझ्या आजीची, म्हणजे आईच्या सासूची. खाली पांढरट, वर चॉकलेटी, पोटाने मोठी. तीन घरं बदलली पण बरणीला टवका नाही, हे आईचं नेहमीचं वाक्य, आणि ती ते मला उद्देशून म्हणते कारण माझ्या घरात कपांचे कान टिकत नाहीत. म्हणून मग बबल रॅपचे चार वेढे, वर टॉवेल, वर कापडी पिशवी असं सगळं करून रविवारी दुपारी नेरुळहून ठाण्याची ट्रेन पकडली, खिडकी मिळाली, बरणी मांडीवर घेतली आणि पर्समधून कॅलेंडर काढलं.

कॅलेंडरचं सांगायचं राहिलं. मी बेलापूरला एका ऑफिसात इम्पोर्टची कागदपत्रं बघते, न्हावा शेवा बंदरात माल उतरतो आणि आम्ही इथे बिल ऑफ एन्ट्री, बीएल म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, पॅकिंग लिस्ट यांच्यात डोकं घालून बसतो. जानेवारीत चीनमधल्या एका पॅकिंग मटेरियलवाल्या कंपनीचं टेबल कॅलेंडर आलं. फोम, कोपऱ्याला लावायचे पुठ्ठे, बबल रॅप असलं बनवणारी कंपनी, त्यामुळे त्यांनी बारा महिन्यांना बारा चिनी म्हणी निवडल्या होत्या आणि सगळ्या 'अख्खेपणा'वर. वर चिनी अक्षरं, खाली रोमन स्पेलिंग, त्याखाली बारीक अक्षरात इंग्रजी अर्थ. कॅलेंडर आलं ते कोपऱ्यात दुमडलेलं आणि स्टँड तुटलेला. ऑफिसात आठवडाभर त्यावरच जोक चालले होते.

मी ते फेकलं नाही. पाच महिने ते स्क्रीनला टेकवून उभं होतं आणि सिस्टीम हँग झाली की मी पानं उलटायचे. आणि हळूहळू लक्षात आलं की इंग्रजी अर्थाच्या ओळीत तेच तेच आहे. परफेक्ट. इंटॅक्ट. कम्प्लीट. फ्लॉलेस. परत परफेक्ट. चिनी बाजूला बारा वेगवेगळी चित्रं असणार हे तर दिसतंय, अक्षरंच किती वेगळी, पण खाली येईपर्यंत सगळ्यांवरून एकच रोलर फिरलाय. मला खटकलं ते हे की आपल्या मराठीत यासाठी किती शब्द आहेत. मसूर अख्खा, नारळ सबंध, सौभाग्य अखंड, तांदूळ अक्षत, प्रवास करून आलेला माणूस सुखरूप, आणि ज्याचं काहीच जागेवर नाही तो 'एक ना धड भाराभर चिंध्या'. कुणी अख्खं सौभाग्य म्हणत नाही आणि अखंड मसूरही. मग मी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक पानावर इंग्रजीच्या खाली मराठी लिहायला लागले. त्यासाठी नेटवर शोधाशोध, तिकडच्या डॉक्युमेंटेशनवाल्या मुलीला ईमेलमध्ये कामाच्या शेवटी एक ओळ विचारणं, असं करत करत बऱ्यापैकी जमवलं.

या म्हणींना छंगयू म्हणतात आणि बहुतेक सगळ्या चार अक्षरी असतात, चार अक्षरात अख्खी गोष्ट कोंबलेली. म्हणजे आपण नुसतं 'सगळं मुसळ केरात' म्हणतो आणि समोरच्याला कळतं ना, तसं, पण बऱ्याच वेळा मागे खरा राजा, खरी लढाई, खरी तारीख. उच्चाराबाबत एक गंमत सांगते. त्यांच्या रोमन स्पेलिंगमध्ये जिथे बी असतो तिथे उच्चार आपल्या प च्या जवळचा असतो आणि जिथे पी असतो तिथे श्वास सोडून म्हटलेला प, म्हणजे ओठ मिटून म्हटलेल्या फ सारखा. आणि झेड म्हणजे आपला चमच्यातला च! चहातला नाही, चमच्यातला. इंग्रजीवाल्यांना हे समजावताना पानंच्या पानं खर्च करावी लागतात, आपल्याला एका शब्दात. मी तर खूश झाले.

जानेवारीचं पान होतं 'वान पी क्वेइ चाओ'. इंग्रजीत लिहिलंय 'मूळ मालकाला सुस्थितीत परत करणे'. एवढंच. आणि मागची गोष्ट बघा. इसवी सनापूर्वी २८३ च्या आसपास चाओ नावाच्या राज्याच्या राजाकडे एक जेडची, म्हणजे तिकडे रत्नासारखा मानतात त्या दगडाची, चकती होती, प्रसिद्ध. शेजारचं छिन राज्य दांडगं. छिनच्या राजाने निरोप पाठवला, ती चकती मला दे, बदल्यात १५ शहरं देतो. आता दिली तर शहरं मिळतील याची गॅरंटी नाही, न द्यावी तर सैन्य येईल. शेवटी एका दरबाऱ्याच्या पदरी असलेला लिन श्यांगरू नावाचा साधा माणूस म्हणाला मी घेऊन जातो, शहरं मिळाली तर चकती तिथे राहील, नाही मिळाली तर अख्खी परत आणतो. गेला. छिनच्या राजाने चकती हातात घेतली, खूश झाला, राण्यांना दाखवली, नोकरांना दाखवली, सगळे वाहवा करतायत आणि शहरांचा विषयच नाही. लिन ओळखून चुकला. पुढे होऊन म्हणाला, महाराज, त्यात एक बारीक डाग आहे, द्या, दाखवतो. राजाने दिली. आणि लिनने ती हातात आल्याबरोबर मागे सरून खांबाला पाठ लावली आणि म्हणाला, जबरदस्ती केलीत तर माझं डोकं आणि ही चकती दोन्ही या खांबावर फोडीन. रागाने त्याचे केस असे ताठ उभे राहिले की डोक्यावरची टोपी वर उचलली गेली म्हणे, त्याचीही वेगळी म्हण आहे. राजाला पाच दिवस उपास करून विधिपूर्वक चकती स्वीकारायला लावलं आणि त्या पाच दिवसात गुपचूप आपल्या माणसाच्या हाती ती घरी पाठवून दिली. स्वतः मागे थांबला. त्याला मारून काय मिळणार म्हणून राजाने सोडून दिलं.

आता ही म्हण लोक कशाला वापरतात, तर उसनं नेलेलं पुस्तक परत करताना! लायब्ररीचं पुस्तक, शेजाऱ्याची छत्री, मित्राची बाईक, घे बाबा तुझी जेड, एकही ओरखडा नाही. हे मला त्या डॉक्युमेंटेशनवालीने लिहिलं आणि मला ट्रेनमध्ये मांडीवरच्या बरणीकडे बघून हसू आलं. तुर्भे गेलं होतं. फक्त आपल्याकडे एक फरक आहे, नेलेलं भांडं आपण जसंच्या तसं परत करत नाही. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, चमचाभर साखर का होईना घालायची. म्हणजे लिन श्यांगरू आमच्या नौपाड्यातला असता तर चकती परत आणताना वर चार बेसनाचे लाडू ठेवून आणली असती.

दुसरं म्हणजे ही चकती, तिला पी म्हणतात, ती दिसते कशी? मी फोटो शोधले. सपाट, गोल, आणि मधोमध भोक. मेदूवडा. अख्खेपणाची एवढी मोठी म्हण आणि ती वस्तू मुळातच मधे रिकामी. आणि हीच चकती राजाकडे यायच्या आधीची कथा तर अजून वेगळी. ती एका ओबडधोबड दगडात होती, प्येन ह नावाच्या माणसाला सापडली, त्याने छू देशाच्या राजाला नेऊन दिली, राजाच्या जोहऱ्याने सांगितलं साधा दगड आहे, राजाने फसवणूक म्हणून त्याचा डावा पाय तोडला. पुढच्या राजाकडे परत घेऊन गेला, उजवा पाय. तिसऱ्या राजाच्या वेळी तो दगड कवटाळून तीन दिवस तीन रात्री रडला तेव्हा कुठे राजाने दगड फोडून बघायला लावला. म्हणजे वस्तू अख्खी राहिली आणि माणूस नाही राहिला. याच्यावर पॅकिंगवाल्यांनी पान केलं नव्हतं, साहजिक आहे.

एप्रिलचं पान मला सगळ्यात आवडतं. 'शर छ्वेन शर मेइ', दहा पूर्ण दहा सुंदर. इंग्रजी अर्थ, अंदाज करा, परफेक्ट. यातल्या दहा पूर्णची एक जुनी मुळी वैद्यांच्या हिशेबात सापडते. चौ नावाच्या प्राचीन राजघराण्याच्या काळातल्या राज्यकारभाराचं वर्णन करणाऱ्या जुन्या ग्रंथात लिहिलंय की वर्षाच्या शेवटी वैद्यांचा पगार ठरवायचा तो दहात किती बरे केले यावर. दहापैकी दहा तो वरचा, एक चुकला तो त्याच्या खालचा, मग दोन, मग तीन, आणि दहात चार चुकले तो सगळ्यात खालचा. अप्रायझल हो! आपण समजतो एचआरवाल्यांनी शोधलं. आणि सगळ्यात खालचाही दहात सहा बरे करतोय याकडे माझं लक्ष गेलं, आमच्या अप्रायझलमध्ये सहाला फर्स्टक्लास धरतात.

नंतर अठराव्या शतकात छ्येनलुंग बादशहाने स्वतःला 'दहा पूर्णचा म्हातारा' अशी पदवी घेतली, १७९२ मध्ये, दहा मोठ्या मोहिमा जिंकल्या म्हणून. त्या दहात ब्रह्मदेशची मोहीम पण धरली होती जी काही जिंकलेली वगैरे नव्हती. पण दहा भरायचे होते ना.

मी या पानाखाली पेन्सिलने लिहिलं 'सोळा आणे'. त्यांचं पूर्ण दहात होतं, आपलं सोळात. १९५७ ला आणे गेले, माझा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांचा, एक आणा मी आयुष्यात वापरलेला नाही पण खरं म्हणजे सोळा आणे खरंच म्हणते, शंभर टक्के म्हटलं की सेल लागल्यासारखं वाटतं. चंद्राच्याही सोळाच कला. तिकडे पूर्ण चंद्राला य्वेन म्हणजे गोल, आणि गोल म्हणजेच घरचे सगळे एकत्र असणं, लग्नाच्या शुभेच्छांमध्ये 'फुलं छान, चंद्र गोल' असं लिहितात. त्यांच्या पैशाचं नावही तेच, य्वेन, गोल नाणं. शरदातला त्यांचा चंद्राचा सण आणि आपली कोजागिरी एरवी बऱ्याचदा महिन्याच्या अंतराने येतात पण २०२५ मध्ये दोन्ही ६ ऑक्टोबरलाच आल्या. ते मून केक खात होते आणि आम्ही गच्चीवर मसाला दूध पीत होतो, आमच्याकडे ढग होते ते सोडा.

ठाण्याला उतरले, रिक्षावाल्याला सांगितलं दादा खड्डे बघून, त्याने पिशवीकडे बघून विचारलं गणपती आहे का. मी म्हटलं तसंच समजा.

आई कैऱ्या पुसत बसली होती, जमिनीवर जुनी चादर, एकेक कैरी फडक्याने कोरडी करून दुसऱ्या बाजूला. बरणी ठेव तिकडे कोपऱ्यात, आत्ता सोडू नको, आता ऊन गेलं, उद्या सकाळी धुवून उन्हात ठेवते. मी बसले, मलाही एक फडकं मिळालं, आणि पुसता पुसता मी तिला कॅलेंडर वाचून दाखवायला लागले. आईला असल्या गोष्टी आवडतात पण ती कधी कौतुक करत नाही, ती भांडते त्यांच्याशी.

'थ्येन यी वू फंग', स्वर्गातल्या कपड्यांना शिवण नसते. एका माणसाकडे रात्री आकाशातली विणकरीण अप्सरा येते, तो बघतो तर तिच्या कपड्याला कुठे शिवणच नाही, ती म्हणते स्वर्गातले कपडे सुई-दोऱ्याने करतच नाहीत. इंग्रजीत फ्लॉलेस. आई म्हणाली, यात काय मोठं, साडीला कुठे शिवण असते. मी गप्पच झाले. खरंच की! फॉल-पिको लावेपर्यंत प्रत्येक साडी स्वर्गातलीच आहे. ही म्हण हल्ली बेमालूम थापेसाठी, पकडता न येणाऱ्या कटासाठी पण वापरतात हे सांगितल्यावर तिने पहिल्यांदा मान डोलवली, म्हणाली हां, म्हणजे बेमालूम. बघा, एक शब्दात. मी पेन्सिल काढून लिहून घेतलं.

मग आरसा. 'फो चिंग छुंग य्वेन', फुटलेला आरसा परत गोल. याच्यावर आईचा आक्षेप होताच, आजी म्हणायची मोती फुटला आणि मन तुटलं की सांधत नाही, आणि फुटका आरसा तर घरात ठेवायचाच नाही. मी म्हटलं आई थांब, यांचा आरसा काचेचा नव्हता, तेव्हा आरसे ब्राँझचे असायचे, घासून चकचकीत केलेले, गोल. त्याचे दोन तुकडे केले तर दोन तुकडेच होतात, चुरा होत नाही, आणि ते एकमेकांना लावून बघता येतात. हे कळल्यावर मला स्वतःला ती म्हण नवीन दिसायला लागली होती.

गोष्ट अशी की छन राज्य बुडायला आलंय, ते ५८९ मध्ये बुडलं, आणि राजाची बहीण लछांग आणि तिचा नवरा शू तयेन यांना कळतं की आता ताटातूट होणार. ते आरसा तोडतात, अर्धा त्याच्याकडे अर्धा तिच्याकडे, ठरवतात की पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला, कंदिलांच्या सणाला, तू तुझा अर्धा बाजारात विकायला पाठव, मी शोधत येईन. राज्य बुडतं, ती जिंकणाऱ्यांच्या बाजूच्या यांग सू नावाच्या बड्या सरदाराच्या घरात जाते. नवरा हालअपेष्टा काढत राजधानीला पोचतो आणि त्या दिवशी बाजारात एक म्हातारा नोकर खरंच अर्धा आरसा घेऊन बसलेला, किंमत अशी अवाच्या सवा सांगतोय की लोक हसतायत. त्याला कळतं. तो आपला तुकडा लावून बघतो, जुळतो, आणि त्यावर एक कविता लिहून पाठवतो की आरसा आणि माणूस बरोबरच गेले होते, आरसा आला, माणूस नाही आलं. ती वाचून बाई रडते, जेवण सोडते, सरदाराला कळतं, तो नवऱ्याला बोलावून बायको परत देतो. पण देताना जेवायला बसवतो दोघांना समोरासमोर, आणि तिला म्हणतो एक कविता कर. एका बाजूला जुना नवरा, एका बाजूला हा. ती म्हणते, हसायचीही सोय नाही रडायचीही सोय नाही, आता कळलं माणूस असणं किती अवघड आहे.

आईचं फडकं थांबलं. मग म्हणाली, तिला विचारलं का कुणी तिला कुणाकडे जायचंय ते? मी म्हटलं तिचं रडणं बघूनच तर दिलं परत. हं, म्हणाली, आणि पुढची कैरी घेतली.

आणि मग आलं ऑगस्टचं पान, ज्याच्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले. 'निंग वेइ यू स्वेइ, पू वेइ वा छ्वेन.' ही जरा लांब आहे. इंग्रजीत, अख्खी टाइल होण्यापेक्षा फुटलेलं जेड होणं बरं. आता टाइल म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर बाथरूम. आणि आमच्या धंद्यात टाइल-क्रोकरी म्हणजे नको ते विषय. दोन वर्षांपूर्वी एका पार्टीचा क्रोकरीचा कंटेनर आला होता, सील नंबर मॅच, सील इंटॅक्ट, बीएल क्लीन, कागदावर एकेक गोष्ट सोळा आणे, आणि दार उघडलं तर आतून खळखळ आवाज, पहिल्या तीन रांगा चुरा. पॅकिंग करणाऱ्याने कोपऱ्याला पुठ्ठाच लावला नव्हता. तो सर्व्हे, ते फोटो, तो क्लेम, सहा महिने मी तेच करत होते आणि प्रत्येक ईमेलच्या सुरुवातीला लिहायचं 'सील वॉज फाउंड इंटॅक्ट'. त्यामुळे ही म्हण वाचून मला आधी ते कपांचे तुकडे आठवले, जेडबिड नाही.

पण ईमेलवाली मुलगी म्हणाली वा म्हणजे जमिनीवरची टाइल नाही, छपरावरची. छपरावरची! म्हणजे कौल. साधं आपलं कौल. मग म्हण एकदम घरी आली, अख्खं कौल होऊन राहण्यापेक्षा फुटलेलं रत्न होईन. थोडक्यात 'मोडेन पण वाकणार नाही', आणि तिच्या विरुद्ध 'शिर सलामत तो पगडी पचास'. दोन्ही म्हणी आपल्याकडे सुखाने नांदतात, सोयीने वापरायच्या.

आईला मी गोष्ट सांगितली. सहाव्या शतकातली. य्वेन घराण्याचं राज्य गेलं, काव घराण्याचं आलं, आणि नव्या बादशहाने जुन्या घराण्यातली माणसं वेचून मारायला घेतली. घाबरलेले य्वेन म्हणाले, आपण आडनाव बदलून काव लावून घेऊ म्हणजे वाचू. त्यातला एक, य्वेन चिंगहाव, म्हणाला, स्वतःचं कूळ सोडून दुसऱ्याचं आडनाव कसं लावायचं, मर्दाने फुटलेलं रत्न व्हावं, अख्खं कौल होऊन राहू नये. त्याच्या चुलतभावाने हे जाऊन बादशहाला सांगितलं. बोलणारा मारला गेला, सांगणाऱ्याला काव आडनाव मिळालं.

मला वाटलं आईला हे भिडणार, तिला शिवाजी महाराज, स्वाभिमान वगैरे विषय आवडतात. तर ती म्हणाली, "आडनाव बदललं म्हणून कौल? अगं मग आम्ही सगळ्या कौलंच."

मी बघतच राहिले.

"माझं आडनाव पण बदललं आणि नाव पण बदललं. ताटात तांदूळ पसरले, तुझ्या बाबांनी अंगठीने नाव लिहिलं, झालं. एकवीस वर्षं एका नावाने हाक मारायचे ते त्या दिवशी संपलं. कुणी म्हटलं नाही की रत्न फुटलं म्हणून."

आणि तांदूळ अक्षत बरं का. न मोडलेले. लग्नाआधी बायका बसून तांदळातली कणी वेगळी काढतात, एक तुटका दाणा चालत नाही अक्षतेत, आणि त्याच तांदळाच्या ताटात एका मुलीचं नाव पुसून दुसरं लिहितात. हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलं नव्हतं, आणि मी माझं नाव बदललं नाही याचा थोडा टेंभा मिरवत आलेय आजवर, तो जरा खाली ठेवला.

आई कैऱ्या सोडून आता रंगात आली होती. "आणि कौलाला काय नावं ठेवतायत? त्यांच्या घरावर स्लॅब असेल." तिचं माहेर कोकणातलं, कौलारू घर, तिचं म्हणणं असं की मे महिन्यात अख्ख्या कौलाची किंमत काय असते ते फक्त कोकणातल्या माणसाला विचारा. वर्षभर माकडं छपरावर नाचून कौलं फोडतात, मग पावसाच्या आधी सगळं छप्पर उतरवून शाकारायचं, खाली एक माणूस, शिडीवर एक, वर एक, एकेक कौल हातावरून हात वर, आणि फुटलेलं एका बाजूला. ती लहान असताना तिचं काम म्हणजे खाली बसून कौल बोटाने वाजवून बघायचं, ठण वाजलं तर वर, बद्द वाजलं तर अंगणाच्या कडेला. मिरगाच्या पहिल्या पावसात एक कौल फुटकं राहिलं असेल तर बरोबर अंथरुणावर धार. "रत्न फुटलं काय नि राहिलं काय, पाऊस आत यायचा तो येणारच. कौल धड तर घर धड." हे तिने इतकं सहज म्हटलं की ते पण चार अक्षरात बसवून कुणीतरी कॅलेंडरवर छापायला हवं होतं.

मला त्या चिंगहावबद्दल आदर आहे, नाही असं नाही. बादशहा गळा कापायला बसलेला असताना आडनाव न सोडणारा माणूस मोठाच. पण त्या म्हणीत कौल हे भ्याड माणसासाठी आलंय आणि कौलाने कुणाचं काय वाईट केलंय हा आईचा मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. घर धरून ठेवणाऱ्यांना नावं ठेवायची आणि फुटणाऱ्यांचे पोवाडे.

बाकीची पानं भराभर झाली. 'हू लुन थुन चाओ', चाओतला च चमच्यातला. इंग्रजीत, खजूर अख्खा गिळणे, म्हणजे न समजता घोकणे. कुणी एक शहाणा ऐकतो की नासपती दातांना चांगली पण प्लीहेला वाईट, आणि हे फळ प्लीहेला चांगलं पण दातांना वाईट, तर तो म्हणतो सोपं आहे, नासपती नुसती चावेन गिळणार नाही, आणि हे न चावता अख्खं गिळेन. आता खजूर गिळणं मला काही डोळ्यासमोर येईना. तर परत तोच प्रकार, इंग्रजीने गंडवलंय, चाओ म्हणजे खजूर नाहीच, ते बोर! आपल्या बोराचं सख्खं भावंड. बोर अख्खं गिळणं कोणत्याही बोरन्हाणात बघून घ्या, मुलं नेमकी तेच करतात आणि आया तोंडात बोट घालून बी काढत असतात. कौल आणि बोर, दोन्ही वेळा चीनमधून थेट आपल्याकडे आलं असतं तर एक मिनिटात कळलं असतं, इंग्रजीत ट्रान्सशिपमेंट झाली, म्हणजे मधल्या बंदरात माल उतरवून दुसऱ्या जहाजात चढवला, आणि माल बदलला.

एक पान तर चक्क आपलंच निघालं. आंधळ्यांनी हत्ती चाचपला ती, कुणाला दोरी वाटली, कुणाला सूप, कुणाला खांब. बौद्ध ग्रंथांबरोबर इथून तिकडे गेली आणि चार अक्षरी होऊन, 'मांग रन मो श्यांग', आता न्हावा शेवावरून परत आली, तीही कस्टम ड्युटी न भरता. आई म्हणाली ही मला माहीत आहे, पुढची सांग.

पुढची डिसेंबरची, डोंगर रचत आलेला माणूस शेवटची एक टोपली माती टाकायची राहिली म्हणून फसला. मी म्हटलं सगळं मुसळ केरात. ती म्हणाली बरोबर, आता ती बरणी सोड, उद्या सकाळी घाई नको.

टॉवेल सोडला, बबल रॅपचे चार वेढे सोडले. बरणी धड. एक टवका नाही. आईने ती दोन्ही हातात धरून फिरवून बघितली, मग मधल्या बोटाचं नख मारलं. ठण. लहानपणी कौलं वाजवणारं बोट ते, मी डोळ्याने बघत होते. मला लिन श्यांगरूसारखं वाटत होतं, छाती फुगवून.

"झाकण कुठंय?"

झाकण नेरुळला ओट्यावर. पुसून, फडक्यावर पालथं घालून ठेवलेलं, दारातून निघताना मी ते बघितलं पण होतं.

आई काही बोलली नाही. आत गेली, कपाटातून जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा आणला, दादरा बांधायला एवढा पुरेल म्हणाली, आणि घडी करून बरणीच्या तोंडावर ठेवला. मी निघताना तिने एका स्टीलच्या डब्यात पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर दिला.

"डबा धुवून आण," म्हणाली. "आणि बघून घे, याला झाकण आहे."